साधकांची पत्रं : एकाच माणसात सगळं कशाला शोधता?

या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिलं लांब आहे आणि मी ते फारसं कापलेलं नाही. त्याचं उत्तरही लांबलं आहे, बाकीच्या तिघांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी ४४ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो, राहायला जुळे सोलापुरात. गेली काही वर्षं आमच्या इथल्या बागेतल्या सकाळच्या योगवर्गाला जातो. सूर्यनमस्कार, कपालभाती, थोडं हसणं, शेवटी टाळ्या. वजन उतरलं, कंबर दुखायची थांबली, तक्रार काहीच नाही. पण मला पुढं जायचं आहे. सरांना ध्यानाबद्दल विचारलं तर म्हणाले, डोळे मिटून बसा, विचार आले तर येऊ द्या. मोबाईलवर बघून प्राणायाम सुरू केला, तर डोकं जड व्हायला लागलं, म्हणून सोडला. मध्यंतरी एका मंगल कार्यालयात ‘तीन दिवसांत कुंडलिनी जागृती’ असं शिबिर होतं, ११ हजार रुपये भरले. पहिल्याच दिवशी लोक रडायला, घुमायला लागले आणि मी दुपारी चपला शोधून घरी आलो. मेहुणा म्हणतो, ऋषिकेशला जाऊन २०० तासांचा कोर्स कर. आई म्हणते, दर गुरुवारी अक्कलकोटला जातोस, स्वामी आहेत, मग आणखी गुरू कशाला? बायको म्हणते, मुलगी बारावीला आहे, तुम्ही आता बुवा होऊ नका. मला फक्त एवढं सांगा की खरा योगशिक्षक ओळखायचा कसा. सोलापुरात कुणी असेल तर नाव कळवा. भेटला तर पूर्ण समर्पण करायची माझी तयारी आहे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला काळजी तिथंच वाटली. समर्पण करायचं हे ठरलंय, कुणाला ते ठरायचंय. अशा अवस्थेतला माणूस ज्याच्या हाती पहिल्यांदा लागेल त्याचा होतो. तुम्ही हिशेबाचं काम करता. कोऱ्या चेकवर सही करून, नाव नंतर घालू म्हणून तो टेबलावर ठेवून तुम्ही जेवायला जाल का?

नाव मी कळवणार नाही. या सदरात मी कुणाचंच नाव छापत नाही, सोलापूरचं तर नाहीच. छापलं की पुढच्या सोमवारी त्या माणसाच्या दारात चपलांचा ढीग पडतो, आणि ज्याला दहा-बारा जणांकडे नीट लक्ष देता येतं त्याच्या अंगावर शंभर जण येऊन पडतात. शिवाय आज चांगला असलेला माणूस पाच वर्षांनीही तसाच राहील, याची हमी मी कशाच्या जोरावर देऊ?

आता तुमच्या पत्रातला गुंता. ‘खरा योगशिक्षक’ म्हणताना तुम्ही तीन वेगवेगळी कामं एकाच माणसाकडे मागताय. एक, शरीर आणि श्वास तयार करून देणं. दोन, हे सगळं कशासाठी आहे ते ग्रंथावरून समजावणं. तीन, आत बसायला लागल्यावर जे काही समोर येतं, कंटाळा, भीती, झोप, कधी उगाचचा आनंद, त्यातून वाट दाखवणं. तिन्ही एकाला येत असेल तर उत्तमच. पण असा माणूस क्वचित असतो, आणि ‘तो मीच’ म्हणणारे मात्र पेठेपेठेत आहेत. मी म्हणते, ही कामं वेगळी करा. अर्धा गोंधळ तिथंच मिटेल.

माझंच सांगते. मी शाळेत संस्कृत शिकवायचे. योगसूत्रं पाठ होती, पण पाठ ताठ नव्हती. मला बसायला शिकवलं ते पूर्व भागातल्या एका विणकरानं. तेलुगू बोलणारे पद्मशाली गृहस्थ, दिवसभर हातमागावर असायचे आणि संध्याकाळी मागाच्याच खोलीत चार-दोन लोकांना घेऊन बसायचे. खोलीला सुताचा आणि खळीचा वास. मराठी मोडकं. मी काही पांडित्य सुरू केलं की म्हणायचे, ‘कूर्चो अम्मा’, बस गं बाई. पहिला पावसाळा सरेपर्यंत त्यांनी मला ताठ बसणं आणि सावकाश श्वास सोडणं यापलीकडे काहीही दिलं नाही. एकदा मी त्यांना एका सूत्राचा अर्थ विचारला तर हसले. म्हणाले, ‘ते तुमचं काम. आमच्यानं ते होत नाही, शास्त्रीबुवाकडं जा.’ मी गेले. पुढं श्वास रोखण्यापर्यंत गोष्ट आली तेव्हा म्हणाले, ‘मी करतो ते माझ्यापुरतं. दुसऱ्याला द्यायचं धाडस नाही. लोणावळ्याला जाऊन शीक.’ तिथंही गेले. आणि परत आल्यावर त्यांच्याच खोलीत बसत राहिले.

आपल्या कामाची हद्द ज्याला ठाऊक आहे आणि ती जो तोंडानं सांगतो, तो मला खरा वाटतो. ओळखायचं कसं, या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात पक्कं उत्तर हेच आहे. बाकीचं त्याच्या खाली येतं.

आणि हे काही माझ्या विणकरापुरतं नाही. आपल्या गावाचं नाव ज्यांच्यामुळे घेतलं जातं त्या सिद्धरामेश्वरांची गोष्ट बघा. बाराव्या शतकात, हे गाव सोन्नलगी होतं तेव्हा, ते तळं खोदण्यात आणि देवळं उभारण्यात गढून गेले होते. परंपरा सांगते की लिंगायत संत अल्लमप्रभू इथं आले आणि त्यांनी या मोठ्या कर्मयोग्याला सरळ दगड फोडणारा म्हणून हिणवलं. भक्त चिडले, दगड घेऊन धावले. पण सिद्धराम आतून हलले. मग अल्लमप्रभू त्यांना कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला घेऊन गेले आणि तिथं इष्टलिंगाची, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात त्या लहान शिवलिंगाची, दीक्षा दिली ती चन्नबसवण्णांनी. हलवणारा एक, दीक्षा देणारा दुसरा. आपण दर संक्रांतीला गड्ड्यावर, सिद्धेश्वरांच्या जत्रेला जातो, नंदीध्वजांना हात लावतो, आणि ही गोष्ट मात्र लक्षात ठेवत नाही.

आता पहिलं काम, आसन आणि प्राणायाम. बागेतल्या सरांना नावं ठेवू नका. तुमची कंबर त्यांनी बरी केली आहे. ध्यानाबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं, तर ‘हे मला येत नाही’ म्हणाले असते तर जास्त बरं झालं असतं, एवढंच. दुसरा शिक्षक बघायला जाल तेव्हा पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय दाखवतो यापेक्षा काय विचारतो ते बघा. रक्तदाब आहे का, हर्निया आहे का, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, झोप कशी आहे. हे न विचारता जो शीर्षासनाकडे वळतो त्याच्याकडून तुम्हीही वळा आणि घरी या. मग बघा की वर्गात तो फिरतो की स्टेजवर माईक लावून बसतो. शंभर सतरंज्यांच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा खांदा कानाला लागलाय, हे कुणाला दिसणार?

तुमचं डोकं जड होत होतं. का, ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आधी रक्तदाब तपासून घ्या, ते फुकटातही होतं. पण मोबाईलवर बघून करणाऱ्यांत मी एक गोष्ट वारंवार पाहते, ती म्हणजे जोर. श्वास ओढायचा, दाबून धरायचा, आकडे मोजायचे आणि काल तीस केले म्हणून आज चाळीस. स्वात्मारामांनी हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही. घाई केली तर तो साधकालाच मारतो. पंधराव्या शतकाच्या आसपासचा ग्रंथ आहे, तेव्हा मोबाईल नव्हता, तरी घाई करणारे होतेच म्हणायचे. त्याच ग्रंथात कपालभाती ही प्राणायामांत नाही, ती षट्कर्मांत म्हणजे शरीरशुद्धीच्या क्रियांत आहे. बागेत ती सरसकट सगळ्यांना देतात. रक्तदाब जास्त असलेल्याला, हृदयविकार असलेल्याला ती जोरात करायला लावणं म्हणजे शुद्ध बेफिकिरी. योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनीही प्राणायाम आसन साधल्यानंतर ठेवला आहे. म्हणून तुमचा नवा शिक्षक जर सुरुवातीचे काही महिने नुसता पूरक-रेचक म्हणजे श्वास घेणं-सोडणं आणि एकेका नाकपुडीनं करायचं नाडीशोधन देत असेल, कुंभकाचं म्हणजे श्वास रोखण्याचं नाव काढत नसेल, तर तो चालढकल करतोय असं समजू नका.

आणि सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, रात्री भिंती तापलेल्या असतात. त्या दिवसांत भस्त्रिका आणि सूर्यभेदन हे अंग तापवणारे प्राणायाम घालणाऱ्या माणसाला एक तर हवामान कळत नाही किंवा योग. तेव्हा गारवा देणारी शीतली असते, सावकाश अनुलोम-विलोम असतो. थंड प्रदेशातल्या माणसानं बनवलेला व्हिडिओ तुम्हाला हे सांगणार नाही.

प्रमाणपत्रांचं विचाराल तर ती बघावीत, पण चष्मा लावून. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून आहे. त्याच्या परीक्षेत लेखीही असते आणि प्रात्यक्षिकही, आणि शिक्षकांचे स्तर ठरवलेले आहेत. हे असलेला माणूस तुमची मान मोडणार नाही इतपत विश्वास ठेवायला हरकत नाही. २०० तासांचा कोर्स हा अमेरिकेतल्या एका संस्थेच्या नोंदणीच्या नियमांतून आलेला आकडा आहे. तो साधारण महिन्याभरात उरकतात, दिवसाला आठ-आठ तास. त्यात शिकवायला शिकवतात. तुम्हाला शिकवायचं नाही, बसायचं आहे. मेहुण्याला म्हणावं, तूच जा. ऋषिकेशला जरूर जा, गंगा बघा, आरती बघा, पण बारावीच्या वर्षी महिनाभर गायब होऊन तिथून साधक होऊन याल, हे काही मला पटत नाही.

शिकायला बाहेर जायचंच असेल तर घराजवळ बघा. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलं. मुंबईच्या गाडीत बसलात की ते वाटेवरच आहे. तिथं प्राणायामाचा अभ्यास प्रयोगशाळेच्या शिस्तीनं झाला आणि हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्तीही तिथूनच निघाली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था आहे, १९७५ पासूनची. आसनातला बारकावा, गुडघ्याची वाटी कुठं आणि टाच कुठं, हे तिथल्या तालमीतल्या शिक्षकासारखं क्वचित कुणी बघतं. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट तर १९१८ ची. अशा ठिकाणी शिकून आलेले लोक परत आपापल्या गावात येतात, सोलापुरातही आले आहेत. त्यांना विचारा : तुम्ही कुणाकडे शिकलात, आणि अजून त्यांच्याकडे जाता का? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ज्याचं शिकणं कधीच संपलं त्याचं शिकवणंही लवकरच शिळं होतं.

दुसरं काम ग्रंथाचं. यात सोलापूर गरीब नाही, आपल्याला बघायची सवय नाही. तुमच्याच वसाहतीत एखादे निवृत्त संस्कृत शिक्षक रिकामे बसले असतील, विचारून बघा. योगसूत्रं सगळी मिळून १९५, काही प्रतींत १९६. आठवड्याला तीन-चार घेतली तरी वर्ष-सव्वा वर्षात होतात. त्यात आसनाबद्दल फक्त तीन सूत्रं आहेत, हे कळलं तरी पुष्कळ भ्रम उतरतात. संस्कृत नको असेल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय एखाद्या जाणत्या वारकऱ्याकडून ऐका. कुंडलिनीचं जे वर्णन तुम्ही मंगल कार्यालयात ११ हजारांना ऐकणार होतात, ते माउलींनी १२९० मध्ये मराठीत लिहून ठेवलंय. ते ज्ञान त्यांच्याकडे नाथ परंपरेतून, थोरले भाऊ निवृत्तीनाथ यांच्याकडून आलं. शेजारी कुणी लिंगायत आजोबा इष्टलिंग तळहातावर घेऊन शांत बसत असतील तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. तोही योगच आहे, शिवयोग, आणि या मातीतला आहे.

तिसरं काम अवघड. ध्यानात वाट दाखवणारा. इथं माझी कसोटी एकच आहे आणि ती वेळखाऊ आहे. त्या माणसाकडे जाऊ नका, आधी त्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांकडे जा. ते अजून येतात का? येत नसतील तर भांडून गेले की शिकून गेले? येत असतील तर स्वतः बसतात की फक्त गुरूच्या सतरंज्या घालतात? आणि जमलं तर, हे चोरून विचारावं लागतं, त्यांच्या घरी बायकोला, मुलांना विचारा : हे साधनेला लागल्यापासून घरात कसे असतात? मी एका गृहस्थांना भेटले होते. दोन-दोन तास ध्यान करायचे आणि भाकरी जराशी मऊ झाली तर ताट सरकवून उठायचे. त्यांच्या गुरूंबद्दल मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही. समर्थांनी दासबोधात, पाचव्या दशकाच्या दुसऱ्या समासात, गुरूची लक्षणं सांगताना म्हटलंय की जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियांना आवर घालायला शिकवत नाहीत, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. अडका म्हणजे तेव्हाची चिल्लर. आता भाव वाढलेत, माल तोच.

प्रश्न विचारू देतो का, हेही बघा. गीतेनं नमस्काराच्या जोडीला परिप्रश्न ठेवला आहे. ‘श्रद्धा कमी पडते म्हणून प्रश्न पडतात’ असं उत्तर मिळालं की समजा, त्याला उत्तर येत नाही.

कुणीच मिळालं नाही आणि शांत बसण्याची एक पद्धत नीट शिकायचीच असेल, तर इगतपुरीच्या धम्मगिरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर हा एक सरळ मार्ग आहे. फी नाही. दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला उठणं. तिथं त्या काळात आसन-प्राणायाम, जप, पूजा सगळं बाजूला ठेवायला सांगतात, ते मान्य असेल तरच जा. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नका. मानसिक आजाराचा त्रास असेल तर अर्जात तो लपवू नका. आणि बारावीचा निकाल लागल्यावर जा.

आईंचं म्हणणं. अक्कलकोट सोडू नका, मीही जाते. स्वामींवर श्रद्धा आहे ती ठेवा, ती कुठल्याही शिक्षकाच्या आड येत नाही. पण तुमचा कणा डावीकडे कलतोय, तुम्ही श्वास अर्धवट सोडताय, हे तुम्हाला समोर बसून बघणाऱ्या जिवंत माणसाशिवाय कळणार नाही. त्यासाठी गुरू लागत नाही, शिक्षक लागतो, आणि त्याला देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही.

बायकोचं म्हणणं मात्र सगळ्यात गंभीरपणे घ्या. त्या योगाला विरोध करत नाहीत, तुमच्या गायब होण्याला करतात. पहाटे उठून बसा, पण आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेही कधी कधी नेमकं पहाटे. त्या पहाटे तुम्ही डोळे मिटून बसलाय आणि त्या घागरी, बादल्या, टाकी एकट्या भरतायत, असं असेल तर तुमची साधना सगळ्या घराला नकोशी होईल. पाण्याच्या दिवशी आधी पाणी, मग आसन. खंड पडू देऊ नका म्हणजे काय, तर त्या दिवशी पंधरा मिनिटं बसा, पण बसा. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं केलेला अभ्यास पक्का होतो, असं पतंजली म्हणतात. पहाटेच करा असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही. रात्री भाकरी एक कमी खा. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा, असं हठप्रदीपिका सांगते, आणि आपल्या शेंगा चटणीपुढे ते किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे.

तर आत्ता करायचं ते इतकंच. शिक्षक शोधत राहा, पण बसणं त्याच्यासाठी थांबवू नका. रोज ठरलेल्या जागी ताठ बसा, श्वास सोडताना लक्ष ठेवा, आकडे नकोत, रोखणं नको. काय होतं ते चार ओळींत वहीत लिहा. काही महिन्यांनी ती वही घेऊन ज्याच्याकडे जाल, तो ती वाचतो की बाजूला सारून स्वतःचं पत्रक हातात देतो, ते बघा. नंतर मला कळवा, नाव न लिहिता.

प्रश्न : आमच्या भागातले एक योगशिक्षक महिन्याला फी घेतात. दुसरे एक महाराज काहीच घेत नाहीत, ‘श्रद्धेनं द्या’ म्हणतात. अध्यात्मात पैसे घेणारा खरा कसा?
— एक वाचक, दमाणी नगर

उत्तर : फी घेणाऱ्याला घर आहे, वीजबिल आहे. त्याचा आकडा उघडा आहे, तुम्हाला परवडला तर जा, नाही तर नको. नागपूरच्या जनार्दनस्वामींच्या परंपरेत विनामूल्य शिकवतात आणि खरोखर विनामूल्य शिकवतात, असंही आहेच. मला भीती आहे ती ‘श्रद्धेनं द्या’ म्हणून पाकिटाकडे बघणाऱ्यांची. तिथं पहिल्या वर्षी फूल, दुसऱ्या वर्षी पादुका, तिसऱ्या वर्षी आश्रमासाठी प्लॉट. तुमच्या महाराजांचं असं असेलच असं नाही. एकदा पाकीट न देता जाऊन बघा, तुमची सतरंजी पुढं सरकते की मागं.

प्रश्न : बाई, मी तुमच्या शाळेतली. माझी धाकटी बहीण एका ‘गुरुजीं’कडे साधनेला जाते. तिला थायरॉईडची गोळी आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. गुरुजींनी सांगितलंय की औषधांमुळे चक्रं उघडत नाहीत, गोळ्या बंद कर, आणि घरी सांगू नकोस. संध्याकाळी एकटीला वेगळं बसवतात. ती खूप खूश आहे, म्हणून बोलायला भीती वाटते.
— एक वाचक

उत्तर : हे पत्र अंकाची वाट बघण्यासारखं नव्हतं, म्हणून तुला मी आधीच फोन केला. इतरांसाठी इथं लिहिते.

गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं आहे, मनाच्या आजाराच्या तर फारच. कमी करायच्या असतील तर तो निर्णय लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा. आजच त्यांना गाठा आणि गोळी कधीपासून बंद आहे ते सांगा. ज्याला साधना कळते तो मनाचा आजार असलेल्या माणसाला तासन्‌तास डोळे मिटवून बसवत नाही. त्याला आधी चालायला लावतो, झोप लावून देतो, उघड्या डोळ्यांनी श्वास घ्यायला शिकवतो.

आणि तीन गोष्टी एकत्र आल्यात : औषध बंद, घरच्यांपासून लपवणं, एकटीला वेगळं बोलावणं. यातली एकही असती तरी मी तिला तिथून काढलं असतं. बहिणीशी गुरुजींवर वाद घालू नकोस, ती त्यांच्या बाजूनं उभी राहील. ‘मी पण तुझ्यासोबत येते, मला पण बसायचंय’ म्हण. पुढं काय होतं ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. तुला येऊ दिलं नाही, तर का नाही, हे तिनंच त्यांना विचारावं. अंगाला हात लावण्याचा प्रकार झाला असेल तर थेट पोलिसांत जायचं, ‘गावात बोभाटा होईल’ हा विचार करायचा नाही. चमत्काराचा दावा करून फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, तक्रार घेताना त्याचा उल्लेख करायला सांग.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, गिरणीतून निवृत्त. गुडघे गेलेत. आमचे योगशिक्षक म्हणतात पद्मासनाशिवाय ध्यान लागत नाही. मग आम्ही म्हाताऱ्यांनी काय करायचं?
— एक वाचक, रेल्वे लाईन्स

उत्तर : काका, शिक्षक बदलता आला तर बदला, नाही तर त्यांचं एवढं वाक्य सोडून बाकीचं घ्या. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढंच पतंजलींनी मागितलं आहे. त्यात पाय कसे दुमडायचे ते नाही. गिरणीत आयुष्यभर उभं राहून झिजलेले गुडघे वाकवून पद्मासन घालाल तर ध्यान गुडघ्याचंच होईल. अय्यंगारांनी म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना खुर्ची, दोर, उशी, घोंगडी देऊन आसनं करवली आणि त्यांना कुणी खोटा योगी म्हटलं नाही.

लाकडी, सरळ पाठीची खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको, ती मागं वाकते. पुढच्या कडेला बसा, पाठ टेकू नका. पाय जमिनीला पूर्ण टेकत नसतील तर खाली विटा किंवा जुनी जाड चादर घडी करून ठेवा, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहू द्या. हात मांड्यांवर. दहा मिनिटांनी सुरुवात करा, आणि उठताना एकदम उठू नका, आधी डोळे उघडा, खुर्चीची पाठ धरा, मग उभे राहा.